कोऱ्या कापडावरची बाधा

रविवारी सकाळीच कॉलेजच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांनाही माणसं लोंबकळत होती. स्टेजवर महाराज, हातात चहाच्या रंगाच्या पाण्याची बाटली. ज्यांच्या मुलांचं अभ्यासात चित्त लागत नाही, त्या आईबापांनी घरून कापड आणायचं होतं. तेही लूमवरून थेट उतरवलेलं, पाणी न लागलेलं. भिवंडीत देवाला वाहायचं ते कोरंच. धुतलेलं म्हणजे बाटलेलं.

"सरस्वती रुसली की कापडाला कळतं, माउली," महाराज गोड आवाजात म्हणाले. "मी कोण? मी आपला शिंपडणारा."

पाणी शिंपडलं की कापडावर निळाकाळा डाग उमटे आणि हॉलभर हुंकार उठे. मग दुसऱ्या बाटलीतलं पाणी पडे, डाग विरून जाई आणि बाधा सुटे. फक्त तिघांचे डाग गेले नाहीत. तिघी मुलीच.

"जड बाधा," महाराजांनी डोळे मिटले. "चाळीस दिवस अंबाडी गावाला आमच्या आश्रमात सेवा. परीक्षा राहू द्या."

त्यातली एक दिपाली. शेवटच्या वर्षाची, चंद्रा मॅडमच्या वर्गातली. तिचे वडील चांगदेव, जवळच्या वळ गावचे, तिथल्या तिथे मान डोलावून मोकळे झाले. मागे उभ्या चंद्रा मॅडमनी पुढे पाहिलं. पहिल्या रांगेत प्राचार्य हात जोडून बसले होते, ते बघून त्या दाराकडे वळल्या.

बाहेर त्यांनी चांगदेवना गाठलं. "परीक्षा महिन्यावर आली आहे, भाऊ."

"मॅडम, तुमी शिकलेली मानसा. पन फडका काला झाला तो मी माज्या डोल्यांनी बगला. गुरुवारी म्हाराज परत बसतील, तवाच पोरीला सोबत धाडतो."

चंद्रा मॅडम नऊ वर्षं केमिस्ट्री शिकवत होत्या. त्या वर्षी, दोन हजार सहा साली, त्यांनी मुलांना जागं ठेवायला काय काय केलं होतं: तक्ते, प्रश्नमंजुषा, गट पाडून चर्चा. स्टाफरूममध्ये त्याला 'मॅडमची सर्कस' म्हणत. मुलं गटागटाने झोपत, एवढाच फरक.

सोमवारी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. टेबलावर कोऱ्या कापडाचा तुकडा टाकला.

"आज मी शिकवणार नाही. महाराजांनी काय केलं, ते तुम्ही मला शिकवा."

शेवटच्या बाकावर अदनान डोकं टेकून पडला होता. कापड रंगवण्याच्या कारखान्यात शिफ्ट करून कॉलेजला येणारा मुलगा. त्याला कुणी काही विचारत नसे. तोच डोळे चोळत बोलला, "मॅडम, यात काय आहे? आमच्या डाईंगमध्ये रोज करतात. सुताला खळ असते ना, स्टार्चची? कापड उकळल्यावर खळ पुरती गेली का बघायला आयोडिनचा थेंब टाकतात. काळं पडलं तर पुन्हा उकळा."

"आणि दुसरं पाणी?"

पुढच्या बाकावरून दिपालीच हळूच म्हणाली, "हायपो. टायट्रेशनच्या प्रयोगात टाकतो तो. शेवटच्या थेंबाला निळा रंग जातो."

"जर्नलमध्ये किती वेळा लिहिलंस?"

"तीन वर्षं."

"आणि काल रडत होतीस."

"तुम्ही कधी कापडावर करून नाही दाखवलं, मॅडम."

मॅडमना ते लागलं. खरंच होतं. त्यांनी बाटल्या काढल्या आणि मुलांच्या हातात दिल्या. त्या दिवशी तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

गुरुवारी दिपाली स्टेजवर चढली ती दोन तुकडे घेऊन. एकाच ताग्यातले, पण एकाची खळ अदनानने उकळून उतरवली होती. महाराजांनी दोन्हींवर शिंपडलं. एक काळाभोर झाला, दुसऱ्यावर नुसता पिवळट ओघळ.

"दोन्ही माझ्याच नावाचे, महाराज. अर्धी बाधा कुठे गेली?"

"ही पोरगी बोलत नाही, तिच्या अंगातलं बोलतंय," महाराज म्हणाले. पण अदनानने महाराजांची बाटली केव्हाच उचलली होती. महाराजांचा झब्बा स्टार्चने कडक केलेला. चार थेंबांत छातीवर काळं पसरलं.

"ह्यांनाच धाडा अंबाडीला," मागून कुणी बाई म्हणाली, आणि हॉल हसला.

दिपालीने प्रयोगशाळेतली बाटली काढून काळ्या तुकड्यावर ओतली. डाग गेला. "हे हायपो. मिठासारखे खडे असतात, बाबा. फोटो स्टुडिओतही मिळतात."

चांगदेव तुकडा उलटसुलट करत राहिले. "मंग त्या रोजी तुजा डाग का न्हाय गेला?"

"आम्हा तिघींच्या कापडावर त्यांनी साधं पाणी टाकलं असणार."

"का?"

"तिघी मुलीच निवडल्या, बाबा. चाळीस दिवसांसाठी." चांगदेवांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा महाराजांकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. हसणं थांबलं होतं. बाकीच्या दोघींच्या आया कधी उठून स्टेजपाशी आल्या, कळलंही नाही.

महाराज मागच्या दाराने गेले. गाडीचं दार प्राचार्यांनी उघडून धरलं होतं.

"परीक्षा कवा हाय?" चांगदेवांनी विचारलं.

"बारा तारखेपासून."

"मी सोडाया येतो. घ्यायला पन येतो."

या गावात घरोघरी लूम आहेत. सुताला खळ असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी हॉलभर माणसांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही. विचारायला डिग्री लागत नाही. हात जोडायच्या आधी विचारा, हे कसं झालं. आणि समोरचा तुमची मुलगी मागत असेल, तर उत्तराचीही वाट बघू नका. तिचा हात धरा आणि घरी चला.