शिट्टी वाजेपर्यंत

चंद्रशेखर सरांनी सकाळीच सांगून टाकलं, आज छावणीत एक खोटा नातेवाईक येणार. बाई की बुवा, कधी, कोणत्या पोरासाठी, ते काही सांगणार नाही म्हणाले. "तुम्ही ओळखायचं. नाही ओळखलं आणि पोर त्याच्या हाती दिलं, तर तुमची पदविका मी स्वतः अडवून धरीन." हा माणूस असं हसत हसत बोलतो, की आपण हसावं की घाबरावं तेच कळत नाही.

छावणी खोटी होती, हे आधीच सांगते. पूर, भूकंप, दंगल झाली की आईबापांपासून तुटलेल्या पोरांना कसं सांभाळायचं, याची पदव्युत्तर पदविका आम्ही नागपुरात करतो. तिचा शेवटचा आठवडा म्हणजे हा सराव. तिरोडा तालुक्यातलं वैनगंगेकाठचं एक गाव, तिथली शाळा, आणि गावातलीच पोरं 'पूरग्रस्त'. माझं घर सडक अर्जुनीला. माझी आई म्हणते, "पोरं सांभाळाले कायची डिग्री वं मोनाली? म्या चार सांभाळले, मले तं कोणी कागद नाई देला." आता तिला काय सांगणार, कप्पाळ!

फाटकावर माझी ड्युटी होती. नियम साधा. मोठ्याला वेगळं विचारायचं, पोराला वेगळं विचारायचं, दोघांचं जुळलं आणि पोर राजी असलं तरच फाटक उघडायचं. सरांची शिट्टी वाजेपर्यंत ही छावणी खरी धरायची. शिट्टी वाजली की खेळ संपला, पोरं खिचडी खाऊन आपापल्या घरी.

आदल्या दिवशी हा नियम पोरांना समजावला, तेव्हा रविता नावाच्या पोरीनं माझं डोकं खाल्लं होतं. सातवीतली पोर, अंगानं काडी, डोळे मात्र सगळीकडे. "मॅडम, पोरगी नाई म्हणली तं खरंच नाई पाठवत?" म्हटलं, नाही पाठवत. थोड्या वेळानं परत आली. "सख्खा नातेवाईक असन तरी?" "तरी." हात धुवायच्या रांगेत पुन्हा तेच. मी भडकले. "नाही म्हणजे नाही! कितीदा विचारशील वं?" तेव्हा कुठं गप्प झाली.

तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फाटकावर डोळ्यात तेल घालून बसले. संशय एकदा डोक्यात शिरला ना, की सगळं जगच लबाड दिसतं. खिचडी करणारी बाई दोनदा बाहेर काऊन गेली? सिलिंडरवाल्याला तर मी आधारकार्डच मागितलं. तो म्हणाला, "ओ मॅडम, गॅस दे रहा हूँ, किडनी नहीं ले रहा." माझ्याबरोबर शिकणारी रचनाही सकाळपासून दिसत नव्हती, म्हणून मला तिचाही संशय येत होता.

ऊन चढलं तेव्हा एक मोटरसायकल येऊन थांबली. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हँडलला नवीकोरी पिशवी. माणूस उतरलाच नाही, बसल्या बसल्या म्हणाला, "रविताले नेवाले आलो. मामा होय मी तिचा, उमेंद्र."

आला बापा! मला आतून अशा गुदगुल्या झाल्या म्हणता.

"काऊन न्यायचं आहे?" मी साळसूदपणे विचारलं.

"आजीची तब्येत बिघडली तिच्या."

"अरेरे. कोणत्या दवाखान्यात आहे?"

"घरीच हाय."

पिशवीतून नव्या चपलांची जोडी डोकावत होती. पोरीच्या मापाच्या चपला. आजी आजारी पडली म्हणून कोणी नातीला चपला घेतं का? मी तेही विचारलं.

"तिची माय बलावून राहिली तिले. तिकडं तेलंगणात मिरची तोडाले गेली हाय ना ते."

"आत्ता तर आजी म्हणालात."

"आजीबी अन् मायबी! तुमाले काय करा लागते? माझी भाची होय, मी नेऊन राहिलो." त्यानं घड्याळ पाहिलं. "जल्दी करा, गाडीचा टाइम होऊन राहिला."

"आजी घरीच आहे ना? मग गाडी कायची?"

त्याच्या कपाळावर घाम आला. मी मनात म्हटलं, वा रे चंद्रशेखर सर, काय नट शोधून आणला! घामसुद्धा खरा.

नियमाप्रमाणे मी आत गेले. रविता शेवटच्या बाकाला धरून उभी होती. खिडकीतून तिनं सगळं पाहिलं असावं.

"बाहेर एक जण आलेत, मामा आहे म्हणतात. ओळखतेस?"

"नाई."

"त्यांच्याबरोबर जायचं का?"

"नाई. मले पाठवू नोका, मॅडम." तिचा आवाज चिरकला, बाक तिनं आणखी घट्ट धरला.

काय पोरगी आहे, मला वाटलं, हिला तर नाटकातच घ्यायला पाहिजे. तिच्या पाठीवर थाप मारून मी म्हणाले, "शाब्बास गं! पहिलं बक्षीस तुलाच." ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी मात्र व्हरांड्यातून ओरडत सुटले, "सर, सापडला! खोटा मामा सापडला!"

सर आले, त्यांच्यामागे गावचे पोलीस पाटील बकारामजीही आले. सरांनी उमेंद्रला खालून वर न्याहाळलं आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "हा कोण? हा आपला माणूस नाही."

बकारामजी तर पोट धरून हसायला लागले. "अजी मॅडम, हा उमेंद्र होय. खराखुरा मामा होय तिचा. तुमी तं बिचाऱ्याले चोरच करून टाकलं!"

"मले चोर समजून राहिले का? गावात इज्जत हाय माझी!" उमेंद्रही आता चढला.

माझं तोंड असं उतरलं की विचारू नका. सरांनी हात जोडले, खुर्ची मागवली, चहा सांगितला. "माफ करा, सरावाच्या नादात घोळ झाला. मोनाली, पोरीला घेऊन ये. त्यांना गाडी गाठायची आहे."

मी निघाले. शरम तर होतीच, पण त्याखाली ती चपलांची जोडी टोचत होती. आजी घरी, माय तेलंगणात, गाडी कुठली ते सांगत नाही. मामा खरा असेल, पण त्याचं बोलणं कुठं खरं होतं? मी अर्ध्यातून परत फिरले आणि सरांना बाजूला घेतलं.

"सर, रविताला तुम्ही काय बोलायला शिकवलं होतं?"

"आता कशाला ते?" सर कुजबुजले. "रचना येणार आहे जेवणानंतर, खोटी मावशी बनून. रविताला सांगितलं होतं, कोणी नातेवाईक म्हणून आलं की ओळख दाखवायची, हो म्हणायचं, हात धरून निघायचं. पोर स्वतःच राजी आहे म्हटल्यावर तुम्ही किती चौकशी करता, ते बघायचं होतं."

"म्हणजे तिला हो म्हणायचं होतं."

"हो."

"तिनं नाही म्हटलं, सर. मला पाठवू नका म्हणाली."

सरांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि तिथंच थांबला. "जा," ते म्हणाले. "पुन्हा विचार. नीट विचार."

मी वर्गात जाऊन रविताच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तो तुझा मामाच आहे ना गं?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"मग नाही काऊन म्हणालीस?"

फरशीवर बोट फिरवत ती म्हणाली, "माझ्या मोठ्या बहिणीले, रीताताईले, यानंच नेलं. रायपूरले, कोणत्या शेठच्या घरी कामाले. दिवाळीले आणतो म्हणे. नाई आणलं. फोनबी लागत नाई तिचा. तिलेबी अशाच नव्या चपला आणल्या होत्या."

"आजीला सांगितलंस?"

"आजी म्हणते, मामा होय, वाईट थोडीच करन."

"आईला?"

"माझ्याकडं फोन कुठी हाय? माय त्याच्याच मोबाईलवर बोलते. तो बाजूले उभा राहाते."

"गावात कोणालाच नाही सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाई," रविता म्हणाली. "तुमी विचारता म्हणे इथं. नाई म्हणलं तं पाठवत नाई म्हणे. म्हणून आली मी."

आणि मी तिला बक्षीस देत होते! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मी उठले ती सरळ फाटकावर गेले.

उमेंद्र चहा संपवून गाडीवर बसला होता. "आना ना पोरीले. कायची देर लावून राहिले?"

"पोरगी नाही म्हणते. फाटक उघडणार नाही."

"अजी मॅडम, तुमचा खेळ झाला ना आता," बकारामजी मला समजावायला लागले. "घरचा मामला होय, जाऊ द्या."

"शिट्टी वाजली का? नाही ना वाजली? मग कायचा खेळ झाला?" मी इतक्या जोरात बोलले की खिचडीवाली बाई पळी घेऊनच बाहेर आली. "आणि पाटील, तुम्ही तर ओळखता ना यांना? मग विचारा यांना, रीता कुठं आहे."

बकारामजींचं हसू तोंडातच राहिलं. ते एकदा वर्गाच्या खिडकीकडे पाहत होते, एकदा उमेंद्रकडे. मग खुर्चीवरून उठले आणि मोटरसायकलच्या पुढ्यात जाऊन उभे झाले.

"उमेंद्र, खरंच रे. रीता कुठी हाय?"

"हाय ना तिकडं. मजेत हाय."

"पत्ता सांग."

उमेंद्रनं घड्याळ पाहिलं.

"घड्याळात नाई हाय पत्ता," बकारामजी म्हणाले आणि त्यांनी गाडीची चावी काढून खिशात टाकली.

मी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला, फोन लावला. सर पोलीस ठाण्याशी बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. जेवणं झाली. रचना मावशीचं लुगडं नेसून आली आणि तशीच कोपऱ्यात बसून राहिली. पोरं कंटाळली, कधी वाजते शिट्टी म्हणून भुणभुण करायला लागली.

ठाण्याची गाडी फाटकाशी आली, तशी रविता दाराआडून माझ्याकडे आली. "मॅडम, शिट्टी वाजली की मग पाठवान का मले?"

मी ती शिट्टी तिच्या गळ्यात घातली. "ही तुझ्याजवळ ठेव. तुला वाटेल तेव्हा वाजव."

तिनं ती फ्रॉकच्या आत टाकली आणि वरून हात दाबून धरला.