वरच्या खोऱ्यातल्या पाकोळ्या

पित्ताशय काढून टाकल्यावर आता तुझं पित्त खवळायचा प्रश्नच मिटला, असा विनोद नवऱ्याने दवाखान्यात असताना तिला ऐकवला होता. तो किती फोल होता हे आजारपणाची रजा संपवून ती कामावर गेली त्याच सकाळी कळलं.

संग्रहालयाच्या तळघरात सस्तन प्राण्यांची खोली होती. दार उघडलं की स्पिरिटचा वास भसकन नाकात शिरायचा. नव्या माणसाला ठसका लागायचा, तिला मात्र घरी आल्यासारखं वाटायचं. आज दार उघडलं तर वास आला ताज्या रंगाचा. भिंती पांढऱ्याफेक, निम्मी फडताळं गायब, आणि जिथे उंदीरकानी पाकोळ्यांच्या बरण्या खांद्याला खांदा लावून दाटीने उभ्या असायच्या, तिथे एकाच फळीवर मोजक्या बरण्या, मध्ये ऐसपैस जागा सोडून, दुकानात मांडल्यासारख्या. प्रत्येकीवर नवी छापील पट्टी.

तिला आधी वाटलं, रंगकामासाठी बाकीच्या दुसरीकडे हलवल्या असतील. तिने शेजारची खोली बघितली, जिन्याखालची अडगळ बघितली, छपाईचे जुने कागद ठेवतात ते कपाटसुद्धा उघडून बघितलं. बरण्या कुठेच नव्हत्या.

या बाईला सगळं कार्यालय पाकोळीबाई म्हणायचं. पाकोळी हे तिचं लहानपणचं लाडाचं नाव, आत्याने ठेवलेलं. आत्या त्याच संग्रहालयात वटवाघळांची अभ्यासक होती आणि त्या खोलीतली जवळजवळ प्रत्येक बरणी तिने भरलेली. पुलांखाली, बंद पडलेल्या बोगद्यांत, गिरण्यांच्या माळ्यांवर आत्या जाळं लावून बसायची आणि भाची तिच्या मागे कंदील धरून उभी राहायची. पुढे भाचीही तेच शिकली, आत्या निवृत्त झाली तशी तिच्याच खुर्चीत येऊन बसली, आणि लाडाचं नाव घरातून निघून कार्यालयात पोचलं.

उंदीरकानी पाकोळ्या म्हणजे उंदरासारखे साधे, उभे कान असलेली छोटी वटवाघळं. जगाच्या पाठीवर त्यांच्या शंभरावर जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडलं तर एकही खंड त्यांनी सोडलेला नाही. सगळ्या तपकिरी, सगळ्या मूठभर. बघणाऱ्याला वाटावं, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. आत्याने त्यांचे पायांवरून आणि कानांवरून तीन गट पाडले होते. मोठ्या पायांच्या, पाण्यावरून किडे उचलणाऱ्या. मोठ्या कानांच्या, जमिनीवरचे भुंगे टिपणाऱ्या. आणि लहानखुऱ्या, उडता उडता चिलटं पकडणाऱ्या. हे गट आत्याच्या पुस्तकात होते आणि पुस्तक सगळीकडे शिकवलं जायचं. भाचीने डीएनए तपासला तेव्हा ते गट पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. इथली मोठ्या पायांची पाकोळी समुद्रापलीकडच्या मोठ्या पायांच्या पाकोळीची कुणीच लागत नव्हती. तिची सख्खी नातेवाईक होती इथलीच, लहान पायांची. पाण्यावर शिकार करता करता पाय ठिकठिकाणी, आपापले, मोठे झाले होते.

आणि त्याहून मोठी गोष्ट हाताशी आली होती. आत्याने जिला एकच जात म्हटलं होतं त्या पुलाखालच्या पाकोळीत दोन जाती मिसळलेल्या असाव्यात, अशी तिची जवळपास खात्री झाली होती. दुसरी जात वरच्या खोऱ्यातली. ते खोरं आता धरणाच्या पाण्याखाली होतं. त्या पाकोळ्या पुन्हा कुठेही, कुणालाही मिळाल्या नव्हत्या. होत्या त्या फक्त बरण्यांत.

ती जिना चढून सरळ संचालकांच्या खोलीत गेली. दारावर टकटकसुद्धा केलं नाही.

"या, या. तब्येत काय म्हणते?" संचालक म्हणाले. माणूस हसतमुख होता. पूर्वी कुठल्याशा व्यापारी प्रदर्शनांचं काम बघायचा.

"बरण्या कुठेत, सर?"

"ते सांगायचंच होतं तुम्हाला. अग्निशमनवाल्यांनी फारच धसका घेतला हो. इतकं स्पिरिट तळघरात! म्हणजे बॉम्बवरच बसलोय आपण. म्हणून मग दुबार नमुने कमी केले. काळजी करू नका, प्रत्येक जातीची एकेक बरणी ठेवलीय. त्या जागेत मुलांसाठी छान दालन होणार आहे."

"दुबार?"

"म्हणजे एकाच जातीच्या साठ-सत्तर बरण्या कशाला लागतात? बघणाऱ्याला एक पुरे."

"सर, दोन जाती एकाच नावाखाली असतील, तर नावागणिक एक ठेवून तुम्ही दुसरी जात पार पुसून टाकता. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?"

"आम्ही काही मनाने नाही केलं, मॅडम." संचालकांचं हसू किंचित आखडलं. "तज्ज्ञांचा सल्ला घेतला. रीतसर."

"कोण तज्ज्ञ?"

"तुमच्या आत्याबाईच. त्या म्हणाल्या, एकेक बरणी ठेवली तरी चालेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा कागदाचा गठ्ठा उचलून या माणसाच्या डोक्यात घालावा असं क्षणभर तिला खरोखर वाटलं. त्याऐवजी तिने फक्त विचारलं, "पाठवल्या कुठे?"

जाळायला पाठवल्या होत्या. शहराबाहेरच्या भट्टीवर, जिथे दवाखान्यांचा कचरा जाळतात तिथे.

तिने नवऱ्याला फोन केला आणि तो गाडी घेऊन आला.   भट्टीच्या आवारात मुकादम बाई होती, तोंडाला फडकं बांधलेली. संग्रहालयाचा माल? हो, आला होता. काचा वेगळ्या काढून विकल्या, स्पिरिट वेगळं, प्राणी पिंपांत.

"आणि पिंपं?"

"गेली की भट्टीत. एक राहिलंय. भट्टी मध्येच बिघडली होती ना."

निळं प्लास्टिकचं पिंप भिंतीला लावून उन्हात ठेवलेलं होतं. झाकण काढलं तर आत पाकोळ्या, स्पिरिटने ओल्या, एकीत एक गुंतलेल्या, पंखांना पंख चिकटलेले. तळाशी कागदाच्या चिठ्ठ्यांचा लगदा. आत्याची पद्धत अशी होती की एका बरणीत एकाच ठिकाणच्या पाकोळ्या आणि सगळ्यांची मिळून एक चिठ्ठी. बरणी उपडी झाली की संपलं. कुठली पाकोळी कुठल्या ठिकाणची, हे आता देवालासुद्धा सांगता आलं नसतं.

मुकादम बाई आधी पिंप द्यायला तयार नव्हती. आलेला माल परत देता येत नाही म्हणाली. मग तिने पाकोळीबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "न्या. मी बघितलं नाही."

"अगं, टाके!" नवरा ओरडेपर्यंत तिने पिंपाची एक बाजू उचललीही होती.

रजेआधी तिने वरच्या खोऱ्यातल्या काही पाकोळ्यांच्या पंखांचे बारीक कपटे डीएनएसाठी काढून दुसऱ्या विभागाच्या शीतकपाटात ठेवले होते. ते वाचले होते. पण कपट्यावरून नवी जात जाहीर करता येत नाही. देह लागतो. पुढे कुणालाही बघता येईल असा जपून ठेवलेला, आणि कुठून आला हे ठाऊक असलेला देह.

"घरी जायचं ना?" नवऱ्याने विचारलं.

"आत्याकडे चल."

आत्या पहिल्या मजल्यावर एकटी राहायची. वय झालं होतं, पण पाठ ताठ. दार उघडून तिने आधी भाचीकडे पाहिलं, मग जावयाच्या हातातल्या पिंपाकडे, आणि तिचा चेहरा बदलला. तो वास ती विसरणं शक्य नव्हतं.

"हे काय आणलंस?"

"तुझ्याच आहेत. बघ, ओळखतेस का."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून पाकोळीने पिंप कलतं केलं. ओल्या देहांचा ढीग टेबलावर सांडला. काही पंख मोडलेले, एका पाकोळीचं डोकंच नव्हतं. आत्याच्या तोंडून "अगं आई" एवढंच बाहेर पडलं.

"प्रत्येक जातीची एकेक ठेवली तरी चालेल, असं म्हणालीस ना तू? ह्या जास्तीच्या. उरलेल्या."

"मला म्हणाले, काही कमी केलं नाही तर सगळाच संग्रह बाहेर काढावा लागेल. जाळतील असं नव्हते म्हणाले. मला वाटलं, कुठल्यातरी महाविद्यालयाला देतील."

"मला फोन करता आला नाही?"

"तू दवाखान्यात होतीस."

"पोट कापलं होतं माझं, आत्या. कान नव्हते कापले!"

आत्या खुर्ची ओढून बसली, चष्मा चढवला. समोर पडलेलं नीट लावून ठेवायचं ही तिच्या हातांची जुनी सवय, आणि डोकं ठिकाणावर नसलं की ते हात आपणहून कामाला लागायचे. तिने एक पाकोळी उचलली, अंगठ्याने पंख उलगडला, कान सरळ केला, कानाच्या भोकासमोरचं टोकदार पातं नखाने वर केलं, आणि ती उजवीकडे ठेवली. दुसरी उजवीकडे. तिसरी डावीकडे. चौथी उजवीकडे. हात झरझर चालू लागले. नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला. भाची आधी रागाने बघत होती, मग नुसतीच बघत राहिली.

डावीकडे चांगला ढीग जमला तेव्हा ती म्हणाली, "ह्या कुठल्या?"

"वरच्या खोऱ्यातल्या," आत्या मान वर न करता म्हणाली. "कानातलं पातं बघ ना, कसं वाकडं आहे. आणि पोटाखालचे केस..."

तिचा हात हवेतच थांबला.

 मग पाकोळी इतक्या हळू बोलली की गॅलरीतल्या नवऱ्याने वळून पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. दिसत होतं."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"आणि पुस्तकात लिहिलंस, एकच जात. मी घसा कोरडा करून सांगत होते, दोन आहेत, दोन आहेत, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालीस, पोरीला भास होतात!"

"भास म्हणाले नाही मी. घाई म्हणाले." आत्याने चष्मा काढला. "माझ्या वेळी कानातल्या पात्यावरून नवी जात मांडली असती तर हसले असते मला. बाईमाणूस, त्यात नवखी. मला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, एकाच जातीत एवढा फरक चालतो. मी लिहिलं. एकदा लिहिलं की मग त्यावरच पुढचं रचावं लागतं. आणि तू तरी काय केलंस? भर सभेत म्हणालीस, पाय बघून नातं ठरवणं म्हणजे बूट बघून भाऊ ठरवणं. सगळं सभागृह खदाखदा हसलं. पहिल्या रांगेत बसले होते मी, पाकोळे."

"हो, म्हणाले. चुकीचं होतं का?"

"नव्हतं. म्हणून तर लागलं."

"मग मला शिव्या द्यायच्या होत्यास. थोबाडीत मारायची होतीस. ह्यांनी काय केलं होतं?" तिने डावीकडच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिचा आवाज आता चढला होता, वरच्या मजल्यावर पावलं थबकल्याचं ऐकू आलं. "खोरं बुडालं, आत्या. त्यांचं झाड नाही राहिलं, भिंत नाही राहिली. एक तुझ्या बरण्या होत्या. संचालकाला काही कळत नाही, तो गाढव आहे, त्याला मी समजू शकते. तुला दिसत होतं. दिसत असून तू मान डोलावलीस!"

आत्या रडली नाही. ती रडेल असं पाकोळीला वाटलंही नव्हतं. आत्याने चष्मा परत चढवला आणि पुढची पाकोळी उचलली. "ट्रे आण आतून," ती म्हणाली. "कपाटाखाली स्पिरिटची बाटली आहे, तीही. वाळल्या तर कामातून जातील."

पाकोळीने ट्रे आणले, पण टेबलावर ते आपटून ठेवले. दिवेलागणीपर्यंत दोघी समोरासमोर बसून काम करत होत्या आणि "ही?" "उजवीकडे" याच्यापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढच्या काही आठवड्यांत डीएनएचे निकाल आले. आत्याच्या डाव्या ढिगातली एकूण एक पाकोळी शीतकपाटातल्या कपट्यांशी जुळली. उजव्या ढिगातली एकही जुळली नाही. पाकोळीने निकाल दोनदा तपासले. खरं तर आत्या कुठेतरी चुकलेली निघावी, असं तिला वाटत होतं. चुकली असती तर तिला क्षमा करणं सोपं गेलं असतं.

संचालकांविरुद्ध तिने तक्रार केली. चौकशी झाली, समितीतल्या लोकांनी चहा घेतला आणि सर्व काही तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार झाल्याचं सांगितलं. मुलांचं दालन थाटात उघडलं. दाराशी कापडाचं भलंमोठं वटवाघूळ टांगलेलं होतं आणि त्याचे कानसुद्धा चुकीचे होते. ती त्या समारंभाला गेली आणि भाषण चालू असताना उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, या दालनासाठी काय जाळलं ते सांगितलं. तिला बोलताना कुणी अडवलं नाही. नंतर मात्र तिची वेतनवाढ रोखली गेली आणि तळघराची किल्ली काढून घ्यायच्या गोष्टी झाल्या, पण नव्या जातीची बातमी बाहेरच्या विद्यापीठांत पोचली होती, त्यामुळे किल्ली राहिली.

नवीन जातीला तिने बुडालेल्या खोऱ्याचं नाव दिलं. आत्याचं द्यावं, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. संग्रह शेवटी तिचाच. "नाही," एवढंच पाकोळी म्हणाली. पण लेखात ढीग कुणी लावले ते तिने स्पष्ट लिहिलं, आणि त्या व्यक्तीला हा फरक आधीपासून दिसत होता हेही लिहिलं. छापायला देण्यापूर्वी मसुदा आत्याकडे पाठवला. आत्याने तो तसाच परत केला. एक अक्षरही खोडलं नव्हतं, एक अक्षर घातलंही नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस दोघींत फोन नव्हता. मग एका सकाळी तळघराच्या जिन्यावर काठीचा आवाज आला. आत्या दारात उभी होती, जिना उतरून धापा टाकत. उरलेल्या बरण्यांमध्ये मोठ्या कानांच्या पाकोळ्यांची एक बरणी होती, तिच्याकडे तिने काठीने दाखवलं.

"त्यातही दोन आहेत," ती म्हणाली. "मला वाटतं, तीनही असतील."

पाकोळीचं पित्त पुन्हा उसळलं. इतकी वर्षं, म्हणजे इथेही! तिने हातातला चिमटा टेबलावर टाकला, आत्याकडे बघितलं, आणि आपल्याला जे बोलायचं आहे ते बोलायला हे आयुष्य पुरणार नाही, हे तिला कळून चुकलं. आत्या अजून उभीच होती. धाप कमी होत नव्हती.

"बस," पाकोळी म्हणाली, आवाजात अजिबात मऊपणा न आणता. "आणि सगळं सांग. एकही राहता कामा नये."

आत्या बसली आणि तिने बरणीचं झाकण फिरवलं.