पुढं पडणारी गोळी

कडूबाच्या नेट कॅफेतला तीन नंबरचा कॉम्प्युटर हा माझा गुरू, आणि गुरू अर्धा आंधळा. त्याच्या पडद्यावर बंदुकीच्या गेममधला शत्रू पळायचा कसला, इथं गायब होऊन तिथं उगवायचा. दिसला तिथं गोळी मारली की ती भिंतीला लागायची. म्हणून मी वीतभर पुढंच मारायला शिकले. दोन वर्षांत पडेगावात माझ्या नादी कोणी लागेना.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात शहरातल्या नव्याकोऱ्या मॉलमध्ये त्याच गेमची स्पर्धा झाली. पाच डाव, तीन जिंकेल तो पुण्याला. आमची कॅप्टन प्रांजली, समोर आदिनाथचा संघ. तिथला पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलायचा म्हणे. शत्रू कसा सरळ, न अडखळता चालत होता! मी हरखूनच गेले, आणि पहिल्या डावात माझी एकही गोळी लागली नाही. डाव गेला. मी माउस बदलला, खुर्ची वर घेतली, नशिबाला शिव्या घातल्या.

"सोनिया, अजून एक डाव देते," प्रांजली म्हणाली. "नाय जमलं तर सत्यशीला बसंल. पुण्यालाबी तीच."

आमची राखीव खेळाडू सत्यशीला मागं बोटं मोडत उभीच होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात मागून टाळ्या आल्या. माझे वडील, आमचे आबा! गावाकडं चारा नव्हता, मेंढरं घेऊन काका गोदाकाठी गेलेला, म्हणून आबा यंदा पहिल्यांदाच मोकळे होते. पोरगी काय करते ते बघायला आले होते.

"वा गं माझी वाघीण! एवढं मारलं, पर एकालाबी लागू दिलं नाय!"

अख्खा मॉल हसला. माझे कान तापले.

"आबा, लागायलाच पायजे असतंय!"

"व्हय? मला वाटलं, वळवायलीस. समद्यांच्या तोंडापुढंच तर टाकत होतीस."

चुकार मेंढराला आम्ही कधी दगड मारत नाही. तोंडापुढं टाकतो, ते आपोआप वळतं. आबांना खरंच माझं कौतुक वाटलं होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा कॉम्प्युटर उशीर करतच नाही. शत्रू दिसतो तिथंच असतो. आंधळ्या गुरूची शिष्या मात्र डोळस मशीनवरही चाचपडत बसली होती.

दुसऱ्या डावात हात सवयीनं पुढं पळायचा, मी त्याला दटावायचे. दिसला की तिथंच मारायचे. एक पडला, मग दुसरा. तो डाव आम्ही घेतला, तिसरा घेतला, चौथ्यात शेवटी आदिनाथ उरला. खांबाआडून त्यानं डोकं काढलं आणि गोळी थेट कपाळात.

प्रांजलीनं मला खुर्चीसकट मिठी मारली. "पुण्याला तूच जायची! तूच!" मी आनंदानं किंचाळले.

आबा मात्र सरळ आदिनाथकडं गेले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "लई लागलं का रं, बाळा?"

तो पोरगाही मोठा गमतीचा. कपाळ चोळत म्हणाला, "लई लागलं, काका."

"लागंल नाय तर काय," आबांनी मिशीला पीळ दिला. "पोरगी कोणाची हाय!"