कालकथित

संध्याकाळचे सात वाजत आले तशी जयमालाच्या पायाला भिंगरी लागली. ओट्यापासून दारात, दारातून पुन्हा ओट्यापाशी. धुतलेली भांडी तिनं परत धुतली, दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या आणि पुन्हा घातल्या. पंचवीस वर्षं या वेळेला ती 'सीनाकाठ वार्ता' या चॅनेलच्या स्टुडिओत बातम्या वाचायला पदर सारखा करून दिव्यांसमोर बसलेली असायची. आज तिच्या खुर्चीत सोनईची नवी पोरगी, पूजा, बसणार होती.

"बस की खाली," पलंगावरून तिची आई बनाबाई म्हणाली. "तुज्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरायला लागलं."

चॅनेलचे मालक कल्याणराव मोठं गोड बोलले होते. "जयमालाताई, लोक आता मोबाईलवर बघतात. चेहरा ताजा लागतो. तुम्ही आमच्या सल्लागार व्हा." सल्लागार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि इथं तर उंटाचाही पत्ता नाही. घोडेगावच्या या जयमालानं 'पानी'चं 'पाणी' आणि 'कोन'चं 'कोण' करण्यासाठी जिभेला किती वळण लावलं, ते तिचं तिलाच ठाऊक. नगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा कल्याणरावांची स्वतःची जीभ महिनाभर अडखळत होती. ही पहिल्या दिवसापासून एकदाही चुकली नाही. अशा बाईला चेहऱ्यापायी घरी बसवलं. संताप होणार नाही तर काय होईल?

बाकीच्या बातम्या कुणीही वाचाव्यात. पण शेवटची निधन वार्ता लोक कानात प्राण आणून ऐकत. तिथं 'सौभाग्यवती'च्या जागी 'गंगा भागीरथी' तोंडातून गेलं, की कुणाचा तरी हिंडताफिरता नवरा मेलाच म्हणून समजा. आणि बौद्ध घरातलं माणूस गेलं तर 'कैलासवासी' म्हणायचं नाही, 'कालकथित' म्हणायचं. दशक्रिया नाही, जलदानविधी. कालकथित हा शब्द चॅनेलवर आणला तो जयमालानंच, आणि त्याला कारण तिचे वडील. कोंडीराम गेले तेव्हा बदली बसलेल्या गड्यानं त्यांना बिनदिक्कत कैलासवासी करून टाकलं. जो माणूस रोज सकाळी बुद्धवंदनेशिवाय चहाचा घोट घेत नव्हता, त्याला मेल्यावर कैलासावर धाडलं. बनाबाईच्या ते जिव्हारी लागलं.

"माज्या टायमाला तूच वाचायचं," तिनं तेव्हाच लेकीकडून कबूल करून घेतलं. "दुसऱ्या कुनाच्या तोंडात माजं नाव नगं."

आता बनाबाई ऐंशीला टेकली होती. खुर्ची गेल्याचा राग होताच, पण रात्री झोप उडवत होतं ते हे वचन. खुर्चीच नाही तर वाचायचं कुठून?

टीव्हीवर पूजा आली. गोरीगोमटी, आवाज खणखणीत. कांद्याचे भाव, बिबट्या, रस्त्याचं भूमिपूजन, सगळं झरझर वाचून गेली. जयमाला उभ्यानं चूक शोधत होती आणि चूक सापडत नव्हती. मग निधन वार्ता आली.

"काष्टी येथील रहिवासी," पूजानं वाचलं, "काल, कथित लंकाबाई साळवे यांचे वृद्धापकाळाने निधन झाले."

जयमालाला हसूच फुटलं. पूजासमोरच्या वाचायच्या पडद्यावर ओळ तुटली असणार, 'काल' वर राहिला आणि 'कथित' खाली आला. आणि कथित आरोपी, कथित घोटाळा अशी सवय लागलेल्या पोरीनं मेलेल्या म्हातारीलाच संशयित करून टाकलं. बरं झालं, आता कळेल ताजा चेहरा म्हणजे काय ते! ती टाळी द्यायला आईकडे वळली.

बनाबाई हसत नव्हती. "म्हंजी ती लंकाबाई हुती का न्हवती, ह्याचाच संशय?" ती म्हणाली. "जल्मभर लोकांनी मानूस म्हनलं न्हाई. आता मेल्यावर बी कथितच का?"

स्वतःच्या हसण्याचीच लाज वाटून जयमालानं टीव्ही बंद केला, आणि पुन्हा भांड्यांशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कल्याणरावांचा फोन. काष्टीची माणसं चॅनेलच्या दारात येऊन बसली होती आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई, संध्याकाळी तुम्ही या. माफी तुमच्या तोंडून आली तर लोक ऐकतील. आणि काय आहे, खुर्ची तुमचीच. कायमची. चेहऱ्याचं बघू पुढं."

जयमालानं ठेवणीतली निळी साडी काढली. आईला म्हणाली, "मिळाली परत."

स्टुडिओत ती चार वाजताच पोचली. खुर्ची थोडी खाली केली, माइक पदराला लावला. सगळं जिथल्या तिथं होतं, तरी जीव काही ठिकाणावर येईना. कोपऱ्यात पूजा डोळे सुजवून बसली होती. ती उठून जवळ आली.

"ताई, खरंच ठाऊक नव्हतं मला. आमच्याकडं कैलासवासीच म्हणतात. तुम्ही रोज म्हणायच्या ते ऐकलंय मी, पण त्याचा अर्थ कधी कुणाला विचारलाच नाही."

"काळानं ज्याला बोलावलं तो," जयमाला तुटकपणे म्हणाली. "आमच्यात तसं म्हणतात." आणि तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं ती हा शब्द इथं बसून उच्चारत होती, आणि या इमारतीत तो एकालाही येत नव्हता. तिनं कुणाला शिकवलाच नव्हता. आपल्याशिवाय अडलं पाहिजे, असंच कुठंतरी मनात होतं.

पूजानं डोळे पुसले. "तुम्ही कधी सुट्टीच घेतली नाही का, ताई?"

"एकदाच. वडील गेले तेव्हा."

जयमालाचा माइकवरचा हात तसाच राहिला. वडील गेले त्या दिवशी ही खुर्ची रिकामी होती, म्हणून तर तो बदली गडी बसला. आई जाईल त्या दिवशी काय होईल? आईला घरात झाकून ठेवून लेक इथं पावडर लावून बसणार? वचन मागणारीच्या डोक्यात हे आलं नाही, देणारीच्याही नाही. खुर्ची कायमची मिळाली, तरी त्या एका दिवशी तिच्यात दुसरंच कुणीतरी असणार होतं.

तिनं माइक काढला.

"बस इथं," ती पूजाला म्हणाली. "काल आणि कथित वेगळं नाही. एका श्वासात म्हण. कालकथित."

"काल... कथित."

"श्वास नको मध्ये घेऊस!" जयमाला खेकसली. "परत."

कल्याणराव आले ते वैतागूनच. "ताई, अहो लोक खाली बसलेत!"

"चूक हिची, माफी हीच मागेल. आणि लंकाबाईंचं नाव पुन्हा पहिल्यापासून वाचेल."

"मग खुर्चीचं?"

"ती तुम्ही कालच दिलीत की तिला," जयमाला म्हणाली. बातमी सुरू होईपर्यंत ती थांबली नाही. थांबली असती तर पोरीला उठवून स्वतः बसली असती.

रिक्षात तिची चुळबूळ थांबेना. आईला काय सांगायचं? मिळाली म्हणून सकाळी सांगितलेली खुर्ची संध्याकाळी देऊन आले, आणि तिच्याबरोबर तुला दिलेला शब्दही? दारात आली तर टीव्ही चालू होता. पूजा हात जोडून माफी मागत होती. मग ती सावकाश, एका श्वासात म्हणाली, "काष्टी येथील कालकथित लंकाबाई साळवे. जलदानविधी रविवारी त्यांच्या राहत्या घरी."

बनाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आई, मी..." जयमाला उंबऱ्यातच अडकली.

"हिनं वाचलं तरी चालंल मला," बनाबाई म्हणाली.

आपल्यावाचून चालतं हे आईच्या तोंडून ऐकताना जयमालाला कल्याणरावांच्या गोड बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ती सवयीनं ओट्याकडे वळली. बनाबाईनं तिचा पदर धरला.

"भांडी घासलेली हायेत. त्या दिशी बी अशी पळू नगंस. बातमी ती पोरगी वाचंल, तू माज्या उशाला बस."

जयमाला खाली बसली.