भर सभेत झटकलेले हात

माझ्या थोरल्याने त्या दिवशी भर सभेत जे केलं, ते आठवलं की अजून तोंड कडू होतं. लहानपणी खिडकीची काच फोडून याने धाकट्याचं नाव पुढे केलं होतं. मी कान पिळला, वाटलं खोड गेली. डोक्यावरचे केस गेले, मोठा प्रोफेसर झाला, खोड मात्र जिथल्या तिथे.

याचा धंदा काय, तर जग ज्या बारीक कणांचं बनलंय त्यातल्या प्रत्येकाला म्हणे एक जोडीदार कण आहे, जो आजवर कुणी पाहिलेला नाही. या जोड्यांच्या कल्पनेला हे लोक सुपरसिमेट्री म्हणतात. जोडीदार असले तर गणिताचा ताळा बसतो, नसले तर आकडे दावं तुटलेल्या बैलासारखे उधळतात. न दिसलेल्यांची नावंही ठरलेली. इलेक्ट्रॉनचा जोडीदार तो सिलेक्ट्रॉन. पाळणा हलवून झाला, पोराचा पत्ता नाही. त्यांना पकडायला जमिनीखाली मैलोन्‌मैल गोल बोगदा खणलाय. त्यात कण एकमेकांवर आपटायचे आणि उडालेल्या ठिकऱ्यांत जोडीदाराची खूण शोधायची.

बोगद्यातलं ते मशीन सुरू झालं तेव्हा हा म्हणाला, "आई, वर्षभरात मिळतो बघ." नाही मिळाला. मग म्हणे तो जड आहे, मशीनची ताकद वाढली की दिसेल. ताकद वाढली. मग म्हणे आणखी जड असणार. लग्न जुळवणारे असेच बोलतात. मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला सवड नाही, पण येणार नक्की. इकडे मुलीच्या केसांत चांदी.

एकदा मी विचारलं, "अरे, नसेलच तर?"

"इतकं सुंदर गणित खोटं कसं असेल, आई?"

"सुंदर तर तुझे बाबाही होते," मी म्हटलं. सूनबाई भांडी विसळता विसळता फिसकन हसली.

मुंगी ही याची विद्यार्थिनी. माझ्याच घरी मागच्या खोलीत राहायची. अंगाने एवढीशी आणि सदा कामात, म्हणून मी ठेवलेलं नाव. आई तिची लांबच्या गावी लोकांचे कपडे शिवते. एकदा जेवताना मुंगी याला म्हणाली, "सर, कण एवढ्या ते एवढ्या वजनाचा असेल असा जो पट्टा तुम्ही सांगितलात, त्यात शोधण्यात अर्थ दिसत नाही. दुसऱ्यांनी तो जवळजवळ चाळून संपवलाय. मी वेगळीकडे बघू का?"

याने चमचा ताटात आपटला. "तिथेच आहे तो! तिथेच शोधायचं. नाही मिळाला तर जबाबदारी माझी, तुझ्यावर काही येणार नाही."

मी वाढत होते. हे माझ्या कानांनी ऐकलं.

पोरीने मान खाली घातली आणि शोधत बसली. वर्षं गेली, चष्म्याची काच जाड झाली. कण काही मिळाला नाही.

मग तिच्या परीक्षेचा दिवस आला. सगळ्यांसमोर उभं राहून काम सांगायचं, परीक्षकांनी उलटतपासणी घ्यायची, आणि मग ठरवायचं पदवी द्यायची की परत पाठवायचं. घरच्यांना मागे बसू देतात. मी बसले, शेजारी मुंगीची आई. नवी चप्पल पायाला चावत होती म्हणून पाय बाहेर काढून बसलेली. मुंगी धीटपणे बोलली. या पट्ट्यात जोडीदार नाही, हे तिने चित्रं दाखवून सांगितलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा नाकावर ढकलला. "काम नेटकं आहे. पण हाच पट्टा का? इथे काही मिळणार नाही हे तेव्हाच दिसत होतं. इतकी वर्षं वाया घालवायचं कुणी सुचवलं?"

मुंगीने याच्याकडे पाहिलं. सगळ्या खोलीने याच्याकडे पाहिलं.

हा उठला, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाला, "निवड विद्यार्थिनीची होती. मी तिला सावध केलं होतं."



मुंगीचा चेहरा कागदासारखा झाला. तरी याचं नाव तिने घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "जिथे शोधलं तिथे तो नाही. हे मी छातीठोकपणे सांगते."

परीक्षक निर्णयासाठी शेजारच्या खोलीत गेले. तिची आई मला हळूच विचारते, "मावशी, नापास करतील का हो?" मी काय सांगणार? बाहेर व्हरांड्यात हा चहात बिस्किट बुडवून खात उभा होता. निवांत!

"आत जा," मी म्हटलं. "पट्टा तू ठरवलास, तसं सांग."

"आई, हळू बोल. पुढच्या मोठ्या मशीनसाठी आमची पैशांची मागणी जायची आहे. आत्ता माझा अंदाज चुकला असं झालं तर कोण विचारेल मला? ती तरुण आहे, सावरेल."

"आणि नाही सावरली तर?"

"तुला यातलं कळत नाही."

मग मीच गेले. दार ठोठावलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "आजी, घरच्यांना आत येता येत नाही."

"येत नाही मी. उंबऱ्यातूनच सांगते. पट्टा माझ्या मुलाने ठरवला. पोर नको म्हणत होती. माझ्या घरी जेवताना झालेलं बोलणं आहे, मी वाढत होते. ज्याला खोटं वाटेल त्याने त्याला माझ्यासमोर उभं करावं."

मी दार ओढून घेतलं. पोटच्या पोराविरुद्ध साक्ष देऊन आले होते, पण जीभ अडखळली नाही.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या, सरळ मुंगीकडे गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. पदवी मिळाली. नसलेली गोष्ट नाही म्हणून सिद्ध करणं हेही काम असतं, असं काहीसं त्या म्हणाल्या. तिची आई अनवाणीच धावली.

आणि हा? तोंडभर हसत, ओठांना बिस्किटाचा चुरा तसाच, हात पुढे करून गर्दीत घुसला. "शाब्बास! शेवटी विद्यार्थिनी कुणाची!"

मी मध्ये उभी राहिले. सगळे ऐकत होते, ऐकू दे.

"हात खाली घे," मी म्हटलं. "तुझा कण सापडला नाही म्हणून तुला कुणी हसलं नसतं. शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो, त्यात लाज कसली? पण तुझं उष्टं तू या पोरीच्या ताटात सारलंस, आणि आता पोट भरलं म्हणून ढेकर द्यायला आलास. तू खोटारडा आहेस आणि भित्राही आहेस. मला तुझी किळस येते. आधी तिची माफी माग, मग मला आई म्हण."