न उडवलेल्या ड्रोनची पायलट

दांडी गावातल्या दिशा नावाच्या मुलीला दहावीनंतर ड्रोन पायलट व्हायचं होतं आणि बोईसरच्या 'गगनवेध ड्रोन अकॅडमी'ला मुलं हवी होती. जमलं म्हणायचं. अकॅडमी स्टेशनजवळ, नळ-फरशीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दारावर लढाऊ विमानाचा फोटो, कारण ड्रोन म्हणे फोटोत किरकोळ दिसतो. संचालक दिग्विजय सरांच्या खांद्यांवर चार-चार सोनेरी पट्ट्या होत्या. त्या त्यांना कुणी बहाल केल्या हे त्यांच्या शिंप्यालाच ठाऊक.

पहिल्या महिन्यात मुलांनी विमानविद्येचा उज्ज्वल इतिहास वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या महिन्यात टाय बांधायला शिकली. तिसऱ्या महिन्यात सरांनी फळा पुसता पुसता सांगून टाकलं की अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. वर्गात सगळी पंधरा-सोळाची. "म्हणून तर तयारी आत्तापासून!" सर म्हणाले, आणि गंमत म्हणजे ते सगळ्यांना पटलं.

ड्रोन मात्र होता. खराखुरा, काचेच्या कपाटात, कुलपाआड. दिशा रोज त्याच्या समोरचा बाक धरायची. लायसन्स गेलं खड्ड्यात, एकदा, फक्त एकदा तो आपल्या हातून वर जावा, एवढंच तिला हवं होतं. बांबूंवर बोंबील वाळत घालताना तिचे अंगठे हवेत रिमोट चालवायचे, आणि तिची आई ओरडायची, "आदी बोंबील घाल गो! वाऱ्यात काय कालवतेस?"

"सर, उडवायचा कधी?" दिशा विचारायची.

"बेटा, इथून अणुकेंद्र किती लांब?" सर उलट तिलाच विचारायचे. "नकाशात आपल्या डोक्यावरचं आकाश लाल आहे. लाल म्हणजे बंदी."

जिथे उडवायला बंदी तिथेच उडवायची शाळा का काढली, हे एका मुलाने विचारलं होतं. गाळा सरांच्या मेव्हण्याचा होता. त्या मुलाला शिस्तीवर निबंध लिहावा लागला.

अखेर वाणगावच्याही पुढे, एका मोकळ्या माळावर 'उड्डाण सोहळा' ठरला. मांडव, खुर्च्या, पाहुणे, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांनी केलेला सरांचा सत्कार. प्रमुख पाहुणे नारळ थेट ड्रोनवरच फोडायला निघाले होते, तो सरांनी वरच्या वर धरला. सरांचं तांत्रिक कौशल्य त्या दिवशी दिसलं ते एवढंच. मग पाहुण्यांनी ड्रोन उडवला. पाहुण्यांच्या नातवाने उडवला. नातवाचं मन भरेना म्हणून पुन्हा उडवला. दिशा रांगेत पहिली उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत ड्रोन खाली येऊन बसला. बॅटरी संपली. दुसरी बॅटरी होती, नाही असं नाही, पण ती बोईसरला कपाटात होती.

रिमोट दिशाच्या हाती आला तो फोटोपुरता. "वर बघ, वर बघ, हस," फोटोवाला म्हणाला. वर एक घार फिरत होती. दिशा घारीकडे बघून हसली.

आठवड्याभरात तो फोटो बोईसरच्या नाक्यावर फलकावर झळकला, 'दांडीच्या लेकीची गगनभरारी'. तिच्या आईने, प्रेमलाने, मासे घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तो फोनवर दाखवला. दिशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकॅडमीने शंभर टक्के नोकरीची हमी दिली होती आणि सर शब्दाचे पक्के. त्यांनी दिशाला नोकरी दिली, आपल्याच अकॅडमीत. पद 'ज्युनिअर मार्गदर्शक'. काम एकच, गावोगाव सभा घ्यायच्या आणि नवी मुलं आणायची.

"आणि मला उडवायला?"

"पुढची बॅच भरू दे. पहिलं उड्डाण तुझं. शब्द देतो."

पहिली सभा दांडीतच लागली, समाजाच्या हॉलमध्ये. तिच्या ओळखीचं माणूस न् माणूस आलं होतं, म्हणूनच तर सरांनी तिला पुढे केलं होतं. सर तासभर बोलले. मग पुढच्या रांगेतल्या काशीबाई उठल्या. साऱ्या गल्लीच्या आजी त्या, दिशाला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"त्या सायबाचं ऱ्हाऊ दे. दिशा, तू सांग गो बाय. तू उडवलंस ना ता? तू हो म्हनशील तर मी माज्या नातवाला, सुजीतला, ह्यात घालते."

हो म्हटलं की बॅच भरणार, आणि बॅच भरली की ड्रोन तिच्या हातात. एका शब्दाचं काम. पण काशीबाई तिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होत्या की तिला स्वतःची किळस आली.

"नाय, काशीआजी," ती म्हणाली. "एकदा पन नाय उडवलं. फोटो खोटा हाय. उडवायला दिलाच नाय मला कोनी."

सरांच्या कपाळावर घाम आला. प्रेमलाने मान खाली घातली. दिशाला रडू येत होतं, पण बरंही वाटत होतं. संपलं एकदाचं.

काशीबाईंनी थोडा विचार केला.

"एकदा पन नाय? आनि तरी नोकरी लागली?"

"हो, पन आजी..."

"अगो, आमचा मोठा नातू दर्पण दोन वर्सं मशीन चालवायला शिकला, तो आजून घरी बसलाय!" काशीबाई मागे वळून गरजल्या. "हितं न शिकता नोकरी देतात! लिवा, सायेब, सुजीतचा नाव लिवा!"

मग जी झुंबड उडाली! फॉर्म कमी पडले. दिशा ओरडून ओरडून सांगत होती की कपाटाला कुलूप असतं, लायसन्स मिळत नाही, आकाश लाल आहे. तिच्या प्रत्येक वाक्याला दोन-दोन नावं वाढत होती. बॅच भरलीच, वर आणखी एक भरली.

फॉर्मचे गठ्ठे अकॅडमीत पोचवायला दिशाही सरांच्या गाडीत बसली. सर गुणगुणत होते. दिशाने धीर करून विचारलं, "सर, बॅच भरली. आता मला उडवायला देणार ना?"

सरांनी आरशातून तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "वेडी आहेस का, बेटा? तू उडवलंस तर पुढच्या गावात सांगायचं काय?"