पाव फेरा

मंजूषाने मापकाचं झाकण फिरवून काढलं आणि आत साठलेलं पाणी तिच्या हातमोज्यावर ओघळलं. तिने मापक उलटा केला. आणखी चमचाभर पाणी टेबलावर सांडलं.

हा मापक अणुभट्टीतला दाब मोजणारा. अपघात झाला, नळ फुटला, सगळीकडे वाफ कोंडली, तरी आत काय चाललंय ते बाहेरच्या माणसांना सांगत राहायचं, एवढंच त्याचं काम. टिलबर्ग या डच शहराबाहेरच्या या प्रयोगशाळेत असे मापक आधी आठ आठवडे ओव्हनमध्ये तापवून चाळीस वर्षांनी म्हातारे करत आणि मग वाफेच्या टाकीत ठेवत. मंजूषाच्या अकरा वर्षांत एकही गळला नव्हता. हा चाळिसाव्या मिनिटालाच मुका झाला होता.

मंजूषा तीन आठवड्यांची रजा संपवून कालच पुण्याहून परतली होती. मापक टाकीत बसवला होता ईशानीने. ईशानीला नोकरीला लागून चारच महिने झाले होते आणि कायम होण्याचा कागद अजून यायचा होता.

"झाकण बघितलं नव्हतंस का ठेवताना?"

"बघितलं होतं, मंजूषाताई."

"मग हे पाणी काय आभाळातून पडलं?"

ईशानीचे डोळे भरून आले. "मी हातच लावला नाही हो. प्रोसीजरमध्ये लिहिलंय ना, ओव्हनमधून काढल्यावर झाकणाला हात लावायचा नाही म्हणून."

"ते माहितीये गं. पण निदान पाव फेरा तरी द्यायचास!"

"कुठला पाव फेरा?"

मंजूषाचा उजवा हात हवेत तसाच राहिला. बोलता बोलता त्याने पाव फेरा देऊनही टाकला होता.

हा फेरा तिला हेंकने शिकवला होता. हेंक इथला सगळ्यात जुना तंत्रज्ञ, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. ओव्हनच्या धगीने झाकणाखालची रबरी रिंग कडक होते, झाकण किंचित सैल पडतं. टाकीत ठेवायच्या आधी हेंक त्यावर तळवा ठेवायचा आणि हलकेच आवळायचा. शिकवलं असंही म्हणता येणार नाही. तो करायचा, ती बघायची, मग तीही करू लागली. लोणच्याची बरणी फडताळात ठेवताना आपण झाकण पुन्हा एकदा आवळतो, तसं. ते कुणी लिहून ठेवतं का? त्यांनीही ठेवलं नव्हतं. आणि खऱ्या अणुभट्टीत, चाळीस वर्षांनंतर, अपघाताच्या पाच मिनिटं आधी तळवा घेऊन कुणी येणार नव्हतं.

तिच्या सहीचे एकोणीस अहवाल होते. त्या भरवशावर कुठे कुठे बसवलेले मापक असतील, ते ती एकेक करून आठवू लागली. ती खुर्चीवर बसली.

विभागप्रमुख योस्ट दारातूनच म्हणाला, "हाताळणीतली चूक, असं लिहून टाक. नवीन मुलगी आहे, होतं असं. दुसरा नमुना आहे ना?"

होता. याच्याबरोबरच ओव्हनमध्ये म्हातारा झालेला, कुणाचाही हात न लागलेला, शेवटचा. मंजूषाने मनाशी ठरवलं, तो तसाच्या तसा सगळ्यांसमोर टाकीत ठेवायचा. गळला, तर खरं काय ते सगळ्यांना दिसेल आणि या पोरीवर खापर फुटणार नाही. पण त्याआधी हेंकला विचारायला हवं होतं. एखाद्या वेळी नव्हतं आवळलं, एवढं जरी तो म्हणाला असता, तरी तिला चाललं असतं.

"मी तासाभरात येते," एवढंच ईशानीला सांगून तिने सायकल काढली. का जातेय, ते सांगायला तिची जीभ रेटली नाही.

हेंकने आनंदाने कॉफी केली, डब्यातून एकच बिस्कीट काढून तिच्या बशीत ठेवलं आणि डब्याचं झाकण नीट आवळलं.

"हेंक, ओव्हननंतर तू झाकणं आवळायचास. प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी!" त्याचा चेहरा उजळला. "चाळीस वर्षं सोसून आलेली बिचारी. सैल झाकणाने वाफेत ढकलायची होय? तीस वर्षांत एक थेंब आत गेला नाही, मंजूषा. एकसुद्धा नाही."

त्याच्या म्हाताऱ्या, डाग पडलेल्या हाताकडे ती बघत राहिली. त्या माणसाचा तिला राग यावा, असं तिला फार वाटलं. आला नाही. कॉफी अर्धी टाकून ती उठली. परतताना समोरून वारा होता, आणि अख्खा रस्ता ती एकच वाक्य जुळवत होती: हाताळणीतली चूक झाली आहे, पण ती या वेळी नाही, याआधी प्रत्येक वेळी.

प्रयोगशाळेत शिरताच तिला टाकीची घरघर ऐकू आली.

"योस्ट म्हणाला, आजच सुरू कर, ग्राहक थांबलाय," ईशानी लगबगीने पुढे आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं, पण आता ती हसत होती. "मी फॉर्मवर माझी चूक म्हणून लिहून दिलंय, ताई. आणि या वेळी विसरले नाही. तुम्ही हाताने दाखवलात ना, अगदी तस्सा दिला. पाव फेरा."

शेवटचा नमुना. नवा तयार व्हायचा तर पुन्हा आठ आठवडे, आणि योस्ट तो करू देणार तरी कशासाठी? पास झालेल्या मापकाची पुन्हा चाचणी कोण मागतं? आता तिच्याजवळ फक्त तिचा शब्द उरला होता, आणि त्याच्यासमोर तिच्याच एकोणीस सह्या.

तिने काचेमागच्या काट्याकडे पाहिलं. चाळीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. एक तास. सव्वा तास. काटा बरोबर दाब दाखवत होता, तसूभरही ढळला नव्हता. योस्ट येऊन बघून गेला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरोबर दिला ना, ताई?" ईशानीने विचारलं.

मंजूषाने दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"बरोबर दिलास," ती म्हणाली.